जालना अम्मा

अनुसयाबाई मगरे कोष हातात घेतला की आधी कानाशी न्यायच्या. दोन बोटांत धरून हळूच हलवायच्या आणि डोळे बारीक करून ऐकायच्या. रेशमाच्या कोषातली अळी नीट झोपी गेलेली असली की आतून बारीक खुळखुळ ऐकू येते. मेलेली असली की कोष मुका राहतो. "बोलला," असं म्हणून त्या तो एका टोपलीत टाकायच्या, "न्हाई बोलला," म्हणून दुसरीत. बघणाऱ्याला वाटावं, बाई मुलाखती घेत बसल्या आहेत.

घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका गावात मी नऊ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. माझं गाव जाफराबाद, म्हणजे जिल्ह्याचं अगदी दुसरं टोक. नव्या गावात ओळखीचं कुणी नव्हतं. मगऱ्यांच्या घराला लागून एक खोली भाड्यानं मिळाली, आणि पहिल्याच रविवारी मी शेजारधर्म म्हणून त्यांच्या रेशमाच्या शेडकडं गेले. दाराशीच अनुसयाबाईंनी हात आडवा केला.

"पावडर लावली का, मॅडम?"

"हो, थोडी."

"मंग बाहीरच थांबा. आमच्या लेकरायला वास चालत न्हाई."

लेकरं म्हणजे अळ्या. मी खजील होऊन बाहेरच्या दगडावर बसले. पाच मिनिटांनी त्या चहा घेऊन आल्या आणि काहीच झालं नाही अशा गप्पा मारू लागल्या. पुढं कळलं की तंबाखूच्या वासापायी सरपंचांनाही त्या याच दगडावर बसवत. चपला बाहेर, पाय चुन्याच्या पाण्यात, हात धुतलेले, तोंडात काही नाही. एवढं जमलं तरच आत. तिथं फळ्यांवर हजारो अळ्या तुतीचा पाला खात असायच्या, आणि पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा त्यांच्या खाण्याचा आवाज भरून राहायचा.

दोन एकर जमीन, त्यातली निम्मी तुती. नवरा बाबुराव अतिशय शांत माणूस. पाला तोडणं, अळ्यांना घालणं, शेड झाडणं ही कामं ते करायचे; बाजार अनुसयाबाईंचा. याचं कारण त्या हसत सांगत, "ह्यांला बीडच्या पुढं गाडी लागती. आन् माणसं दिसली की ह्यांची वाचा जाती. मंग कुणी जावं?"

जावं लागायचं ते फार दूर. तेव्हा आमच्याकडं कोषांचा बाजार नव्हता. माल घेऊन पार कर्नाटकात, बंगळुरूच्या पलीकडं रामनगरला जावं लागे. पोती पिकअपमध्ये घालायची, शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडायची, बीड, सोलापूर, मग भीमा, आणि तिथून पुढं अर्धं कर्नाटक. हे सगळं घाईनं, कारण कोष हा जिवंत माल. काढल्यापासून चार-सहा दिवसांत विकला गेला नाही तर आतला पतंग कोष फोडून बाहेर येतो. फुटलेल्या कोषाचा धागा सलग निघत नाही. महिनाभराचे कष्ट डोळ्यांसमोर उडून जातात, अगदी पंख लावून.

पहिल्या खेपेची गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकली असेल, आणि दहाही वेळा त्या ती त्याच आनंदानं सांगायच्या.

गावातले चार शेतकरी आणि त्या. अख्ख्या बाजारात मराठी बोलणारं कुणी नाही. मोठमोठ्या ट्रेंमध्ये पांढरे कोष ओतलेले, आणि धागा काढणारे कारखानदार एकेका ट्रेत हात घालत, कानडीत काहीतरी पुटपुटत पुढं जात होते. आमच्या गावचे चौघंजण हाताची घडी घालून गप्प उभे. कुणी काही विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे. दुपार व्हायला आली. तेवढ्यात खिशाला दोन पेनं लावलेला, विरळ दाढीचा एक माणूस त्यांच्या ट्रेपाशी थांबला आणि सोबत्याला म्हणाला, "माल अच्छा दिखरा. लेकिन ये लोगां कां के हैं की."

अनुसयाबाईंच्या अंगावर काटा आला. कारण ही बोली त्यांची होती.

त्यांचा जन्म जुन्या जालन्यातला, मस्तगडच्या बाजूचा. वडील एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आजूबाजूला बहुतेक घरं मुसलमानांची. आई-बाप कामावर गेले की ही पोर शेजारच्या खालांच्या, म्हणजे मावश्यांच्या, अंगणात वाढली, आणि मराठीच्या आधी दखनी बोलायला लागली. लग्न होऊन गावात आल्यावर मात्र त्या बोलीची थट्टा झाली. रागावल्या की तोंडून "नक्को" निघून जायचं आणि सासरची माणसं हसायची. सासूनं तर एकदा बजावलं होतं, आपल्या घरात असलं बोलायचं नाही. वीस वर्षं त्यांनी ती बोली गिळून ठेवली होती.

"जालने के हैं, भाई," त्या म्हणाल्या. "हाथ में लेके देखो. शरमाओ नक्को."

तो माणूस चमकून वळला. "तुमे हमारी बोली कां सीखे, अम्मा?"

"हमारे गल्ली में."

हे कारखानदार म्हणजे खाजासाब. त्यांनी त्या दिवशी पाचही जणांचा माल घेतला, वर सगळ्यांना आपल्या घरी जेवायला नेलं. रामनगरच्या बाजारात तेव्हापासून अनुसयाबाईंचं नाव पडलं जालना अम्मा. "मॅडम," गोष्ट संपवताना त्या म्हणायच्या, "हजार किलोमीटर गेल्तो आमी, आन् तिथं मस्तगडची गल्ली निघाली."

दखनीवर भागत होतं, पण त्यांचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. वजन करणारे, हमाल, पोलीस, खानावळवाले कानडी बोलतात, मग आपल्यालाही आली पाहिजे. माझ्याकडून शाळेची एक जुनी वही मागून नेली आणि त्यात देवनागरीत शब्द उतरवायला सुरुवात केली. पाला टाकता टाकता त्या पाठांतर करायच्या, "सोप्पु म्हंजे पाला. हुळ म्हंजे अळी. गूडु म्हंजे कोष. बराबर हाय का, मॅडम?" मला काय कळतंय. मी म्हणायचे, बरोबर. "बराबर हाय का" हे त्यांचं पालुपद होतं. भाजीत मीठ घालताना, नातीची वेणी घालताना, माझ्या बदलीच्या अर्जाचा मजकूर ऐकतानासुद्धा. आणि त्यांचा प्रश्न नुसता बोलण्यापुरता नसायचा. समोरचा काय उत्तर देतो याची त्या खरंच वाट पाहायच्या.

हळूहळू गावातली वीस-बावीस घरं त्यांच्या गाडीबरोबर माल पाठवू लागली. कुणाच्या पोत्यात काय आहे ते त्या गाडीत चढवण्याआधी बघायच्या. नियम एकच होता, की पोत्यात पाणी मारायचं नाही. कोषांवर पाणी शिंपडलं तर वजन वाढतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ओल्या कोषाचा धागा तुटतो, हेही सगळ्यांना माहीत होतं.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. थंडीचे दिवस होते. गाडी रामनगरहून परत आली त्या सकाळी मी शाळेला निघाले होते, तर मगऱ्यांच्या अंगणात आरडाओरडा चाललेला. बाबुरावांचे धाकटे भाऊ रंगनाथ, नेहमी अदबीनं बोलणारा माणूस, हातवारे करत उभे होते. अनुसयाबाई दगडावर बसून पायांवर पाणी घेत होत्या.

"वैनी, घरचा माणूस म्हणून संगं नेलं का बेइज्जती कराया नेलं?"

"भाऊजी, पाणी मारलं व्हतं का न्हाई, तेवढं सांगा."

"सारेच मारतेत."

"आपल्या गाडीतलं कुणी मारत न्हाई."

"त्या खाजाला कळलं बी नव्हतं. तुमी काहून सांगितलं?"

त्या भांडणातूनच मला काय झालं ते कळलं. रंगनाथरावांच्या पोत्यातला वरचा माल कोरडा होता, मधला ओला. खाजासाबांनी वरवर हात फिरवून माल घ्यायचं ठरवलं होतं. अनुसयाबाईंनी सहज पोत्यात कोपरापर्यंत हात घातला तर आत गार लागलं. त्या तिथल्या तिथं म्हणाल्या, "ये थैली नक्को लेओ. गीली है." खाजासाबांनी विचारलं, "किसकी है?" त्या म्हणाल्या, "हमारे घर की." आजूबाजूचे कारखानदार, हमाल, आपल्या गावची माणसं, सगळ्यांनी ऐकलं. रंगनाथराव मान खाली घालून उभे. मग ते कोष सावलीत पसरून वाळवले आणि शेवटी पडत्या भावानं गेले.

त्या दिवसापासून रंगनाथरावांनी बोलणं सोडलं. दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत काटेरी कुंपण आलं. त्यांनी आपला माल दुसऱ्या गाडीनं न्यायला सुरुवात केली. भीमजयंतीच्या मिरवणुकीत दोन्ही घरं चालायची, पण एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. अनुसयाबाईंच्या मुलीचं लग्न झालं त्याच वर्षी, आणि चुलत्याविना झालं. मांडवात त्या सगळ्यांशी हसून बोलत होत्या, आणि दर थोड्या वेळानं रस्त्याकडं बघत होत्या.

लग्नानंतर एकदा त्या माझ्या खोलीत आल्या. भिंतीला टेकून बसल्या.

"मॅडम, माझं चुकलं का? चारचौघांत न्हाई बोलायला पाह्यजे व्हतं."

"मग काय करायचं होतं?"

"तेच तर. दिस-रात विचार करून राह्यले. माल दिला असता तर खाजासाबचा धागा तुटला असता. गुपचूप बाजूला केला असता तर त्यानं विचारलं असतं, कशाला बाजूला केला. मंग खोटं बोलावं लागलं असतं." मग म्हणाल्या, "पण भाऊजीला म्या घरी सांगायला पाह्यजे व्हतं, जायच्या आधी. पोत्यात आधीच हात घातला असता तर झालं असतं. आपल्या घरचं म्हणून न्हाई घातला. चूक ती हाय."

पुढच्या खेपेपासून त्या सगळ्यांच्या पोत्यांत कोपरापर्यंत हात घालू लागल्या. सुरुवात स्वतःच्या पोत्यापासून.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर रामनगरला निघाले. मला हंपी बघायची होती, आणि त्या म्हणाल्या, वाटेत उतरा, परतीला घेऊ. गाडीत त्या, मी, ड्रायव्हर आणि गावातले तीन शेतकरी. सोलापूर सोडलं आणि भीमेवरच्या टाकळीच्या पुलाशी आलो तर पुढं वाहनांची रांग. दोन राज्यांत सीमेवरून पुन्हा काहीतरी पेटलं होतं. महाराष्ट्राच्या पाटीच्या गाड्या पलीकडं सोडत नव्हते, कर्नाटकाच्या अलीकडं येत नव्हत्या. पुलाच्या दोन्ही टोकांना पोलीस. कुणी म्हणे उद्या सुटेल, कुणी म्हणे आठवडा लागेल.

सकाळचे दहा वाजले होते. ऊन चढत होतं. कोष काढून तिसरा दिवस होता. शेतकऱ्यांतला एकजण म्हणाला, परत फिरू, सोलापुरात कुणी घेतं का बघू. अनुसयाबाईंनी एक कोष काढून कानाशी धरला, परत ठेवला. मग खाजासाबांना फोन लावला. बोलणं दखनीत झालं, मला अर्धं कळलं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "विजापुरात त्यांचा साडू हाय. त्याची गाडी पुलाच्या पलीकडं येती. पुलावरून माल आपण न्यायचा."

"कसा?"

"डोक्यावर. दुसरा कसा?"

त्या आधी आपल्याकडच्या पोलिसाशी बोलल्या. तो म्हणाला, माणसं चालत गेली तर माझी हरकत नाही, पण पलीकडचे सोडतील याची खात्री नाही. दोन तासांनी पलीकडच्या टोकाला एक पिवळा टेम्पो येऊन थांबला. अनुसयाबाईंनी पदर खोचला, चुंबळ केली आणि पहिलं पोतं स्वतः उचललं. कोषाचं पोतं दिसायला मोठं, वजनाला हलकं असतं. मीही एक घेतलं. आम्ही पाच-सहा जण भीमेच्या पुलावरून रांगेनं चाललो. खाली पाणी संथ वाहत होतं. दोन्हीकडं थांबलेल्या गाड्यांतली माणसं उतरून आमच्याकडं बघत होती.

पलीकडच्या पोलिसानं काठी आडवी धरली. तो कानडीत कडक आवाजात काहीतरी म्हणाला. अनुसयाबाईंनी पोतं खाली ठेवलं, त्याचं तोंड उघडलं, मूठभर कोष काढून त्याच्यापुढं धरले आणि वहीत उतरवलेले सगळे शब्द गोळा करून म्हणाल्या, "सर, ओळगे हुळ इदे. जीव इदे."

आत अळी आहे. जीव आहे. कानडीतला जीव आणि मराठीतला जीव एकच, ते मला त्या पुलावर कळलं.

पोलिसानं एक कोष घेतला. अनुसयाबाईंनी खुणेनं सांगितलं, कानाशी धरा. त्यानं धरला, हलवला. त्याच्या चेहऱ्यावर पोरासारखं काहीतरी उमटलं. त्यानं विचारलं, अनुसयाबाईंनी उत्तर दिलं, त्यानं त्यांचा एक शब्द दुरुस्त केला, त्यांनी तो पुन्हा म्हणून दाखवला. मग त्यानं काठी खाली घेतली. दुसऱ्या फेरीला रांगेतल्या अलीकडच्या गाड्यांमधले दोन-तीन ड्रायव्हर आपणहून पोती उचलायला आले. चौथ्या फेरीला पलीकडचेही आले. दीड तासात सगळा माल नदीपार झाला.

मी हंपी काही बघितली नाही. पुलावरूनच सोलापूरला परतले. अनुसयाबाई टेम्पोत पुढं गेल्या आणि माल वेळेत पोचला. त्या परत आल्यावर मी विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाल्या, "वाटली ना. पण त्यायला बी घरी जायचंच व्हतं, आपल्यालाबी. भांडणारे तिथं कुणीच नव्हते, मॅडम. सारे थांबलेलेच व्हते."

पुढं जालन्यातच कोषांचा बाजार सुरू झाला. गावात आनंदीआनंद. हजार किलोमीटरची पायपीट संपली. पण नवा बाजार म्हणजे विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे. आपल्या भागात धागा काढणारे कारखाने तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. दोन-तीन महिन्यांत लोक पुन्हा रामनगरची गाडी ठरवू लागले.

अनुसयाबाईही निघाल्या, पण पोती न घेता. पिशवीत नमुन्याचे मूठभर कोष, आणि एक पत्र. ते पत्र त्यांनी मस्तगडला जाऊन एका निवृत्त मास्तरांकडून उर्दूत लिहून घेतलं होतं. उर्दू त्यांना वाचता येत नव्हतं, पण मजकूर त्यांनी मला तोंडी सांगितला: इतकी वर्षं आम्ही तुमच्याकडं आलो, तुमच्या घरचं अन्न खाल्लं. आता आमच्या गावात बाजार झालाय. एकदा तुम्ही या. माल पसंत पडला नाही तर नका घेऊ, जेवून जा.

खाजासाब लगेच तयार झाले नाहीत. त्यांचं म्हणणं रास्त होतं. परका मुलूख, अनोळखी माणसं, तिथल्या लोकांना वाटायचं बाहेरचा येऊन भाव पाडतोय. शब्दाला शब्द लागला तर समजवायला कोण? अनुसयाबाई म्हणाल्या, "तुमारे बाजार में मैं खडी रही ना इत्ते साल? तुम बी खडे रहके देखो. मैं बाजू में रहती."

ते आले. दोन सोबती घेऊन, स्वतःची गाडी घेऊन. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मीही जालन्याला गेले होते. बाजारात गर्दी होती आणि हवेत संशय होता. खाजासाबांनी ज्याच्या कोषांत हात घातला तो शेतकरी छाती ताठ करून उभा राहायचा, जसं काही भांडण सुरू होणार आहे. अनुसयाबाई मधे. इकडून मराठी, तिकडून दखनी, मधेच सोबत्यांसाठी एखादा कानडी शब्द. घसा बसला त्यांचा. एकानं विचारलं, "बाई, तुमी कुणाच्या बाजूनं?" त्या म्हणाल्या, "मालाच्या."

तिसऱ्या रांगेत रंगनाथराव आपला माल घेऊन उभे होते. दोन वर्षं झाली होती. खाजासाब त्यांच्यासमोर आले, थबकले, नीट बघितलं. ओळख पटली हे दिसत होतं. त्यांनी अनुसयाबाईंकडं पाहिलं. रंगनाथरावांनीही पाहिलं, पण लगेच नजर जमिनीकडं वळवली.

"देखो," अनुसयाबाई म्हणाल्या. "नीचे तक हाथ डालके देखो. ये बी हमारे घर का है."

खाजासाबांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. खालून मूठ भरून काढली, कोष गालाला लावले. खडखडीत कोरडे होते. त्यांनी मान हलवली आणि त्या दिवसातला सगळ्यात चांगला भाव त्या मालाला बोलला. रंगनाथराव खिशातून रुमाल काढून तोंड पुसत राहिले.

चार दिवसांनी मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते, तर कुंपणाच्या पलीकडून आवाज आला.

"वैनी, नवीन अळ्या कवा आणायच्या? एकाच गाडीत आणू म्हणलं."

अनुसयाबाई शेडमधून बाहेर आल्या. हातात तुतीच्या फांद्या होत्या. "सोमवारी," त्या म्हणाल्या. "आन् भाऊजी, तंबाखू सोडा आधी. तुमच्या शेडीत वास येतोय म्हणतेत."

"कोण म्हणतंय?"

"म्याच म्हणून राह्यले."

कुंपण एकदम काही काढलं नाही. पण त्यात जाण्या-येण्यापुरती वाट पडली, आणि पावसाळ्यानंतर ती रुंद होत गेली.

खाजासाबांच्या मागं रामनगरचे आणखी लोक येऊ लागले. मग इतर ठिकाणचेही. बाजार भरू लागला. बीड, परभणी, बुलढाण्याकडच्याही गाड्या दिसू लागल्या. आमच्या गावात तुतीचे पट्टे वाढले. कापसावर फवारणी करणाऱ्यांशी अनुसयाबाईंची रोज वादावादी व्हायची, कारण वाऱ्यानं औषध तुतीवर आलं की अळ्या मरतात. पण तीही हळूहळू सुटली; फवारायच्या आदल्या दिवशी लोक त्यांना सांगून जाऊ लागले. त्या बाजारातल्या कुठल्याच समितीवर नव्हत्या. कधी तसं कुणी सुचवलं तर म्हणत, "खुर्चीवर बसलं की पोत्यात हात घालता येत न्हाई."

माझी बदली झाली. अर्ज लिहिताना ज्यांना वाचून दाखवला होता त्यांनीच निरोपाला पुरणपोळ्या केल्या. मी जाफराबादला परतले. तिथंही आता काही बायका रेशीम करू पाहत होत्या, आणि मला येता-जाता विचारत होत्या. शेवटी मीच त्यातल्या दोघींना घेऊन जालन्याच्या बाजारात आले, म्हटलं प्रत्यक्ष बघा, आणि अनुसयाबाई भेटल्या तर त्यांच्याकडूनच ऐका.

त्या भेटल्या. बाजाराच्या फाटकाशी माल भरलेली कर्नाटकाच्या पाटीची गाडी निघायच्या तयारीत उभी होती, आणि अनुसयाबाई तिच्या पुढच्या सीटवर चढत होत्या. नवं जांभळं लुगडं, नाकात नथ, पायांत नव्या चपला. मागच्या पोत्यांच्या कडेला मोसंब्यांच्या चार पेट्या दोरीनं बांधलेल्या. रंगनाथराव दोरीची गाठ दुसऱ्यांदा तपासत होते.

मला बघून त्या पुन्हा खाली उतरल्या. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून नीट बघितलं. मग बरोबरच्या बायकांची चौकशी केली. शेड कोणत्या दिशेला, पाणी किती, घरात तंबाखू कोण खातं, हे सगळं उभ्या उभ्या विचारून घेतलं. पहिली खेप काढली की त्यातले कोष घेऊन न विचारता सरळ आपल्याकडं या, असं सांगितलं.

"पण तुम्ही कुठं निघालात, मावशी? आता तर माल इथंच विकला जातो."

त्यांनी पिशवीतून लग्नपत्रिका काढून माझ्या हातात दिली. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला कानडी. मधे एक वेगळा कागद टाचलेला, त्यावर कुणीतरी कष्टानं मराठीत लिहिलं होतं, अनुसया अम्मा आणि घरचे सगळे. खाजासाबांच्या नातीचं लग्न होतं.

"लग्नाला अजून पाच दिवस आहेत की," मी तारीख बघून म्हणाले.

"पाव्हण्यासारखं ऐन टायमाला जायचं का?" पिशवी खांद्याला लावत त्या म्हणाल्या. "आपण पोरीकडचे हाओत, मॅडम. पोरीकडच्यायला आधी जावं लागतंय."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्या चढल्या, दार स्वतः ओढून लावलं, ते नीट लागलं का ते ढकलून बघितलं. मग काच खाली घेऊन ड्रायव्हरला कानडीत काहीतरी म्हणाल्या. तो हसला आणि त्यानं गाडी अंबडच्या रस्त्याला घेतली.